विशाखेने मागितलेले वर



वर्षावासात ग्रंथवाचनासाठी आपण विहारात एकत्र बसतो, तेव्हा दान म्हणजे काय हा प्रश्न दर वर्षी निघतो. त्याचे उत्तरही ठरलेले असते. अनाथपिंडिकाने सुवर्णमुद्रा अंथरून जेतवन विकत घेतले, ते दान. कथा थोर आहे यात शंका नाही. परंतु आमच्या गिरडसारख्या गावात, दुसऱ्याच्या कपाशीत आणि सोयाबीनमध्ये निंदण करून पोट भरणारा माणूस ती ऐकतो तेव्हा त्याला वाटते, दान हे श्रेष्ठींचे काम. आपल्यापाशी अंथरायला गोधडीशिवाय आहे काय? म्हणून आज मी तुमच्यापुढे दुसरी कथा ठेवतो. ती विनयपिटकाच्या महावग्गात आहे आणि ती एका बाईची आहे.

श्रावस्तीच्या महाउपासिका विशाखेने एके दिवशी तथागतांना भिक्खुसंघासह भोजनास बोलावले. भोजन झाल्यावर ती एका बाजूस बसली आणि म्हणाली, मला आठ वर हवे आहेत. तथागत वर देणारे देव नव्हते. तसे त्यांनी तिला सांगितलेही. तेव्हा ती म्हणाली, जे योग्य आहे आणि ज्यात दोष नाही तेच मी मागते. मग तिने मागितले ते असे: भिक्खूंना पावसाळ्यात नेसायला वस्त्र, गावात नव्याने येणाऱ्याला भोजन, प्रवासाला निघणाऱ्याला भोजन, आजाऱ्याला भोजन, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला भोजन, आजाऱ्याला औषध, रोजची पेज आणि भिक्खुणींना स्नानाचे वस्त्र. हे सारे जन्मभर आपल्या हातून व्हावे, एवढाच तिचा वर. स्वतःसाठी तिने काही मागितले नाही.

तथागतांनी तिला कारण विचारले. विशाखेची उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. नव्याने आलेल्या भिक्खूला गल्ल्या ठाऊक नसतात, भिक्षा कुठे मिळेल हे कळत नाही, तो थकलेला असतो. प्रवासाला निघालेला भिक्षेसाठी थांबला तर त्याचा तांडा पुढे निघून जातो. आजाऱ्याला मानवेल असे अन्न मिळाले नाही तर आजार बळावतो. आणि शुश्रूषा करणारा स्वतःच्या भिक्षेसाठी हिंडत राहिला तर आजाऱ्यापर्यंत अन्न वेळेवर पोहोचत नाही.

वाचकहो, आठांपैकी पाच वर अन्नाचे आहेत, हे ध्यानात घ्या. श्रावस्तीत अन्नाची कमतरता नव्हती. दानशूर माणसेही पुष्कळ होती. तरीही कोणीतरी उपाशी राहत होते आणि ते कोण, हे विशाखेने पाहिले होते. किती दिले यापेक्षा कोण राहून गेले, हे पाहण्याला तिने दान मानले. आपल्या काळात ज्याला पोषणाचे काम म्हणतात, त्याची सुरुवात इथून होते.

आता आपल्या गावाकडे वळू. मी शाळेत शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेला गेले होते, त्यांना सही करता येत नव्हती. काही वर्षांपूर्वी सकाळच्या प्रार्थनेत माझ्या वर्गातली एक मुलगी भोवळ येऊन पडली. पाणी मारले, ती शुद्धीवर आली. सकाळी काय खाल्ले, असे विचारले तर म्हणाली, चहा. आई पहाटेच निंदायला गेली होती. भाकरीचे टोपले रिकामे होते. दुपारी शाळेत भात मिळतो, तोवर ती थांबणार होती.

मी शिकलेला माणूस. मला वाटले, या आयांना पोषण समजत नाही, त्यांना समजावले पाहिजे. पुढच्या रविवारी विहारात बायका जमल्या तेव्हा मी फळ्यावर प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे असे सारे लिहिले. अर्धा तास बोललो. शेवटी मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, ‘सर, पोट्ट्याईले दाय खाऊ घालाव लागते हे मले बी समजते. दायीचा भाव काय हाय, हे तुमाले मालूम हाय का?’ मला भाव सांगता आला नाही. घरची डाळ मी कधी विकत आणलीच नव्हती. फळा पुसून मी खाली बसलो.

त्या दिवशी मला तथागतांची आळवीची कथा आठवली. एक गरीब शेतकरी धम्म ऐकायला यायचा होता. पण सकाळी त्याचा बैल हरवला. बैल शोधून, उन्हातान्हात उपाशीपोटी तो सभेत पोहोचला. तोपर्यंत तथागत काही न बोलता बसून राहिले होते. तो येताच त्यांनी पहिली चौकशी केली ती उरलेल्या अन्नाची. त्याला जेवू घातले. त्याची तगमग शांत झाली, मग उपदेश केला. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली. तेव्हा भूक हाच सर्वांत मोठा रोग आहे, असे तथागतांनी त्यांना समजावले. मी मात्र उपाशी माणसापुढे आधी फळा ठेवला होता.

याचा अर्थ शिकवण नको असा नाही. त्या म्हातारीला जे ठाऊक होते ते मला नव्हते, आणि जे मला ठाऊक होते त्यातले काही तिला नव्हते. दोन्ही एकत्र आले पाहिजे. म्हणून विशाखेच्या वरांच्या क्रमानेच मी सांगतो.

पहिला, येणाऱ्याचा आणि जाणाऱ्याचा. आपल्या वस्तीतली कुटुंबे कामासाठी नागपूरला, पुण्याला जातात. बाहेरची कुटुंबे कापूस वेचायला आपल्याकडे येतात. त्यांना गल्ल्या ठाऊक नसतात. त्यांना सांगा की रेशनकार्ड आता देशात कुठेही चालते, ज्या गावी काम त्या गावच्या दुकानातून धान्य उचलता येते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला ५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. ज्यांच्याबरोबर लहान मूल आहे त्यांना अंगणवाडीचा रस्ता दाखवा. गावात नवे म्हणून त्या मुलाचा घास चुकता कामा नये.

काही नोकरदार बांधव म्हणतात, रेशनचे धान्य, अंगणवाडीचा खाऊ ही भीक आहे. बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान शिकवला. बांधवांनो, इथे थांबून विचार करा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदारचे शिळे तुकडे सोडण्यास सांगितले. तो उपदेश आपल्या आजोबा-पणजोबांनी उपाशी राहून पाळला. पण बाबासाहेबांनी उष्टे नाकारायला सांगितले, हक्काचे नाकारायला नाही. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्याच्या ४७ व्या अनुच्छेदात लोकांचे पोषणमान आणि राहणीमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. तुकडा कृपेने मिळतो, तो देणारा कधीही हात आखडू शकतो. हक्काचे धान्य मिळाले नाही तर तक्रार करता येते. त्यासाठी जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यात अन्न आयोग कायद्यानेच नेमला आहे. हा फरक ज्याला कळला त्याला दुकानाच्या रांगेत मान खाली घालण्याचे कारण नाही.

दुसरा, आजाऱ्याचा. आपल्याकडचा आजारी कोण? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने महाराष्ट्राविषयी सांगितले आहे की पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी सुमारे ३५ वयाच्या मानाने खुजी आहेत आणि ३६ कमी वजनाची. १५ ते ४९ वयाच्या १०० बायांपैकी ५४ जणींच्या अंगात पुरेसे रक्त नाही. हे आजारी अंथरुणावर पडलेले नाहीत. ते शेतात वाकलेले आहेत आणि वर्गात बसलेले आहेत, म्हणून आपल्याला ते आजारी वाटत नाहीत.

या आजाऱ्यांना काय द्यावे? बाळाला पहिले सहा महिने आईचे दूधच, पाणीसुद्धा नको. बाळंतपणानंतर येणारा पिवळसर चीक काही घरांत अजून पिळून टाकतात. तो टाकू नका, तीच बाळाची पहिली लस आहे. सहा महिने पूर्ण झाले की वरणाचे पाणी नव्हे, वरणच द्या. भातात कालवून, वर थोडे तेल किंवा तूप घालून. पाण्याने पोट फुगते, मूल वाढत नाही. गरोदर बाईला ‘कमी खा, बाळ मोठे झाले तर अडशील’ असे सांगणारी माणसे अजून आहेत. पपई उष्ण, अंडे उष्ण असे म्हणता म्हणता तिच्या ताटात काही उरत नाही. जे तपासून पाहिलेले नाही ते केवळ परंपरेने आले म्हणून मानू नका, ही तथागतांची शिकवण आपल्या चुलीपर्यंत गेली पाहिजे. गरोदर बाईला एक घास जास्त लागतो, कमी नव्हे.

लोह म्हणजे काही दुकानातली वस्तू नाही. पहिला पाऊस पडला की बांधावर तरोटा उगवतो, कुरडू उगवते, घोळ पसरते. अंबाडी आहे, हरभऱ्याची भाजी आहे, दारात मुनगा आहे. जवस आणि तीळ आपल्या आजीच्या चटणीत होते. भाजीवर लिंबू पिळले की त्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जाते. एवढी साधी गोष्ट, पण ती कळायला मला पदवीनंतर दहा वर्षे लागली. या भाज्या गरिबीच्या म्हणून आपण त्यांची लाज धरतो. मेलेल्या जनावराचे मांस सोडताना आपण गुलामी सोडली. तरोटा सोडून आपण काय सोडले?

आमच्या गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. सर्व धर्मांचे लोक तिथे येतात. टेकडीवर जायफळा-सुपारीसारखे गोल दगड सापडतात. लोककथा अशी की दोन व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. शास्त्र सांगते, ती खडकात तयार झालेली खनिजे आहेत. मी मुलांना टेकडीवर नेतो तेव्हा दोन्ही सांगतो. मग त्यांच्या खिशातले पाच-पाच रुपयांचे रंगीत पुडे बाहेर काढायला लावतो आणि विचारतो, हा तरी माल खाण्याचा आहे का? दिसायला खाऊ, आत मीठ, तेल आणि हवा. मुले हसतात. मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा फुटाणे त्याच पैशांत येतात, हे ती घरी जाऊन सांगतात. माझ्या फळ्यापेक्षा मुलांचे हे सांगणे अधिक उपयोगी पडले आहे.

उपाशीपणा हे एक टोक, तसे अतिभोजन हे दुसरे. कोसलनरेश प्रसेनजित भरपेट जेवून तथागतांपुढे बसला, त्याला बसवेना आणि डुलकी आवरेना. तथागतांनी त्याला मोजके जेवायला सांगितले, आणि राजाच्या भाच्याने जेवणाच्या वेळी ती आठवण रोज करून दिली. आपल्यातले जे नोकरीला लागले, ज्यांच्या घरी साखर, मैदा आणि तेलाचे डबे आले, त्यांच्या घरी आता मधुमेह आणि रक्तदाब आला आहे. एकाच वस्तीत एका घरी रक्त कमी आणि दुसऱ्या घरी साखर जास्त. मध्यम मार्ग ताटातही लागतो.

तिसरा, शुश्रूषा करणाऱ्याचा. या वराविषयी मला सर्वांत अधिक बोलायचे आहे. विशाखेने आजाऱ्याबरोबर त्याची काळजी घेणाऱ्याचीही भूक पाहिली. आपल्या घरी सर्वांची काळजी घेणारी कोण? अन्न सुरक्षा कायद्यात रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख म्हणून नोंदली जाते. कार्डावर ती पहिली, ताटावर शेवटची.

मी दुसऱ्याच्या घराची गोष्ट सांगत नाही. मला नोकरी लागली, घरात ज्वारीच्या भाकरीच्या जागी गव्हाची पोळी आली, विहारात विशाखेची कथा मी स्वतः वाचून दाखवली. आणि माझी आई आम्ही सर्व उठल्यावर, भांड्याला लागलेल्या वरणाशी अर्धी पोळी खात होती. मी ते पाहिले नाही. एके वर्षी तिला जिना चढवेना म्हणून रक्त तपासले, ते सात भरले. डॉक्टरांनी विचारले, घरी खायला आहे ना? त्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? घरात सर्व होते. फक्त कोण राहून गेले, हे कोणी पाहत नव्हते. तेव्हापासून आमच्या घरी आई पहिल्या पंगतीला बसते. पहिले काही दिवस तिला घास गिळेना, लाज वाटे. आता ती डाळ घट्ट झाली नाही तर रागावते. मला त्या रागाचा आनंद होतो.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणात पगारी विश्रांती देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. आज प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६००० रुपये मिळतात. शेतमजूर बाईने आठव्या महिन्यात निंदणाला जाऊ नये म्हणून हे पैसे आहेत. ते मोबाईलच्या हप्त्यात गेले तर तो त्या बाळाच्या तोंडचा घास आहे, हे घरातल्या पुरुषाने समजून घ्यावे.

चौथा, रोजच्या पेजेचा. पेजेने भूक भागते, तहान शमते, पचन सुधारते, असे तिचे गुण तथागतांनी सांगितले आहेत. विशाखेने ‘सणाची खीर’ मागितली नाही, ‘रोजची पेज’ मागितली. आपण बुद्ध पौर्णिमेला खीरदान करतो, पुण्यानुमोदनाला पंगती उठवतो, जयंतीला हजारो रुपये वाजंत्रीवर जातात. मी उत्सवाच्या विरुद्ध नाही. पण पौर्णिमेच्या खिरीने अमावास्येची भूक भागत नाही. आणि वर्षावास हा नेमका तो काळ आहे, जेव्हा बियाणे-खतात पैसा संपलेला असतो, पीक उभे असते आणि टोपले रिकामे असते.

शाळेतल्या दुपारच्या जेवणाचेच पाहा. १९९५ साली ही योजना देशात सुरू झाली. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. सगळ्या जातींची मुले एका रांगेत बसून एकाच पातेल्यातले जेवतात, हे ज्यांच्या आजोबांना तळ्याचे पाणी नाकारले गेले त्यांनी क्षुल्लक समजू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यात आठवड्याला एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे, असे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा वेगळा निधी बंद केला आणि द्यायचे तर लोकसहभागातून द्या असे सांगितले. हा निधी परत मिळावा म्हणून आपण मागणी केलीच पाहिजे, ती सोडता येणार नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत मुलाचे वय थांबत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि ते साधारण सात रुपयांना मिळते. तीस मुलांच्या वर्गाला आठवड्याचे दोनशे दहा रुपये लागतात. एका पुण्यानुमोदनाच्या पंगतीच्या खर्चात एका वर्गाचे किती आठवडे भागतील, हा हिशेब तुम्हीच करून पाहा. ज्याच्या घरी अंडे चालत नाही त्याच्या मुलाला केळे द्या. कोणाच्या ताटावर बळजबरी नको, तशी कोणाच्या ताटातून काढून घेणेही नको.

उपासक-उपासिकांनो, विहार ही केवळ वंदनेची जागा नाही. वाचन संपल्यावर रोज दहा मिनिटे विशाखेचा प्रश्न विचारा: आज कोण राहून गेले? कोणाचे कार्ड अडले, कोणाच्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नाही, कोणत्या बाळाच्या दंडाचे माप घटले, कोणती म्हातारी एकटी आहे? ज्याला वाचता येते त्याने अर्ज भरावा. ज्याची सांदवाडी आहे त्याने मुनग्याच्या फांद्या शेजारी लावायला द्याव्यात. ज्याच्या घरी सकाळी भाकर होते त्याने पहाटे निंदायला जाणाऱ्या शेजारणीच्या लेकरासाठी एक अधिक थापावी. यासाठी श्रेष्ठी असावे लागत नाही.

प्रार्थनेत पडलेली ती मुलगी आता वर्ध्याला महाविद्यालयात शिकते. मी तिच्यासाठी फार काही केले असे नाही. शेजारच्या घराने दोन वर्षे रोज सकाळी तिला एक भाकर दिली, एवढेच. त्या घरच्या माउलीला महावग्ग ठाऊक नाही. विशाखेचा वर मात्र तिने पुरा केला.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरातल्या सर्वांना एकदम बसवा, आणि कोणाच्या ताटात काय आहे ते एकदा पाहा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम, नमो बुद्धाय.